विरुद्ध पार्टीचे शालिकभाऊ

"बाई, सब ठीक हाय ना?"

सकाळी मी तोंडही धुतलेलं नसायचं आणि भिंतीपलीकडून हा प्रश्न यायचा. जिल्हा परिषदेच्या शाळेत बदली होऊन मी आरमोरीला आले आणि शालिकभाऊ मेश्रामांच्या शेजारचं घर भाड्यानं घेतलं. पहिल्या आठवड्यातच या प्रश्नानं माझं डोकं उठलं. अहो, ठीक नसायला झालंय काय? पण "हो भाऊ, ठीक आहे" असं ऐकल्याशिवाय माणूस भिंतीपासून हलत नसे. नुसती मान डोलावलेली चालत नसे, तोंडानं बोलावं लागे.

इतका घाबरट माणूस मी दुसरा पाहिला नाही. गडचिरोलीला जायचं असलं की एसटीत चढण्याआधी ड्रायव्हरला विचारायचे, "ब्रेक बराबर लागून राह्यले ना गा?" तो चिडला की आणखीच घाबरायचे, कारण चिडलेला माणूस गाडी जोरात हाकतो. घराला कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत जायचे, परत यायचे, कुलूप ओढून पाहायचे. सुनेचा फोन लागला नाही तर काळजी, आणि लागला तर "एवढ्या लवकर काऊन उचलला?" म्हणून काळजी. त्यांच्या बायकोनं, सत्यफुलाबाईंनी, एकदा वैतागून मला सांगितलं, "ह्या माणसाले एखाद्या दिवशी काळजी नसली ना बाई, तं त्याचीच काळजी लागते." त्यात तो आवाज! सगळी नोकरी राइस मिलमध्ये मशीनच्या शेजारी उभं राहून झालेली. हळू बोलणं त्यांना ठाऊकच नव्हतं. काळजीसुद्धा ते ओरडून करायचे.

आणि हाच माणूस रोज संध्याकाळी मैदानासमोरच्या कवडूच्या चहाटपरीवर बसून, लकवा मारलेल्या एका माणसाला चारचौघांत वाटेल ते बोलायचा.

तो माणूस म्हणजे दसरू मडावी. धानोऱ्याकडच्या जंगलातल्या गावचा, आश्रमशाळेत हॉकी शिकलेला, पुढे भारताकडून सेंटर हाफ म्हणून खेळलेला. सेंटर हाफ म्हणजे मैदानाच्या मधोमध उभा राहून पुढच्यांना चेंडू पुरवणारा आणि मागच्यांना वाचवणारा. ही व्याख्या शालिकभाऊंची, मला हॉकीतलं काडीचं कळत नाही. खेळाडूंच्या कोट्यातली नोकरी संपवून मडावीभाऊ आरमोरीत घर बांधून राहिले होते. मी आले तेव्हा त्यांची उजवी बाजू लुळी होती, तोंड एका अंगाला ओढलेलं आणि जीभ जड. त्यांची बायको सुमनबाई हात धरून त्यांना टपरीपर्यंत आणायची, प्लास्टिकच्या खुर्चीत बसवायची आणि स्वतः बाजूच्या किराणा दुकानाच्या पायरीवर जाऊन बसायची.

पहिल्यांदा तो प्रकार ऐकला तेव्हा मी शाळेतून घरी येत होते.

"अबे, तू काय मोठा खेळाडू बे?" शालिकभाऊ बाकावरून गर्जत होते. "डाव्या बाजूनं कोणी आलं की तुह्ये पाय जागच्या जागी! त्या सेमीफायनलमधी दुसरा गोल कोणाच्यानं झाला? तुह्याच्यानं झाला!"

कवडू चहा गाळता गाळता म्हणाला, "काऊन खोटं बोलून राह्यले भाऊ? यायच्यासारखा सेंटर हाफ झाला नाई आपल्याकडं."

"झाला नाई? ढीगभर झाले! हा तं नशिबानं टीममधी होता."

मडावीभाऊंचा चेहरा लाल झाला होता. ओठ थरथरत होते, डावा हात खुर्चीच्या दांडीवर आपटत होता. आणि सगळी टपरी गप्प बसून नुसती त्यांच्याकडे पाहत होती. एक माणूस मदतीला येईना. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. शेवटी विहिरीतून बादली ओढावी तसा एकेक शब्द वर आला, "गोल... कीपर... पुढं... आला. माही... चूक... नाई."

"पाहू, पाहू. उद्या सांगतो तुले," म्हणत शालिकभाऊंनी कप खाली ठेवला. त्यांचा हात कापत होता. मला वाटलं, संतापानं.

त्या संध्याकाळी मी भिंतीवरूनच त्यांना झाडलं. लाज नाही वाटत का, आजारी माणसाच्या तोंडाला लागता, उद्यापासून हे बंद नाही झालं तर मी टपरीवर येऊन तमाशा करीन. मी काही भांडकुदळ बाई नाही, पण एकदा तोंड सुटलं की सुटलं. शालिकभाऊंनी आधी रस्त्यावर दोन्हीकडे पाहिलं. मग खांद्यावरचा दुपट्टा तोंडावर दाबून धरला, कारण कुजबुजणं त्यांना येत नव्हतं, आणि त्या कापडाआडून म्हणाले, "बाई, मले शिव्या द्या, पण हळू द्या. त्याले समजलं तं सब खतम होईन."

मग हकिकत कळली. थोडी त्यांच्याकडून, थोडी सुमनबाईंकडून.

मडावीभाऊ दवाखान्यातून घरी आले तेव्हा सगळं गाव लोटलं होतं. हार, शाली, "आपला हिरो", "जिल्ह्याची शान". मडावीभाऊ भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. बोलणं तर नाहीच, बोलायची इच्छाच गेलेली. डॉक्टर म्हणाले होते, बोलतं ठेवा, जेवढा गप्प राहील तेवढी जीभ जड होईल. पण बोलतं ठेवायचं कसं? सुमनबाई जुने फोटो दाखवायची, ते डोळे मिटायचे. त्यातच एका दुपारी शालिकभाऊ आणि कवडू भेटायला गेले. आता हे हॉकीचे लोक म्हणजे नगच. आजाऱ्याच्या खाटेशी बसले तरी यांची जीभ स्वस्थ राहील तर शपथ. बोलता बोलता त्या सेमीफायनलवर गाडी आली आणि दोघं खाटेच्या दोन बाजूंनी भांडायला लागले. शालिकभाऊ स्वतः जुने गोलकीपर. गोल झाला की गोलकीपरची चूक कधीच नसते, हा त्यांचा धर्म. ते तावातावानं म्हणाले, तो गोल सेंटर हाफच्या चुकीनं झाला. आणि खाटेवरून आवाज आला, "हिल्ले!"

गोंडीत हिल्ले म्हणजे नाही. आजारपणानंतरचा तो पहिला शब्द. सुमनबाई चहा घेऊन आत येत होती, ती तिथंच दारात बसली आणि रडायला लागली.

स्तुतीनं जे होत नाही ते अपमानानं होतं, हे त्या दिवशी तिघांनाही कळलं. आता रोज अपमान करणार कोण? कवडूला जमेना, त्याला मधेच हसू यायचं. सुमनबाईंच्या तोंडून निघेना. राहता राहिला गावातला सगळ्यात भित्रा माणूस.

"पण भाऊ, तुम्ही स्वतः त्यांना मोठं मानता की नाही?" मी विचारलं.

शालिकभाऊंनी दुपट्टा खाली घेतला. "बाई, तो माह्या दोन पायांमधून गोल मारून इंडियात गेला!"

ही त्यांची आयुष्यातली सगळ्यात मोठी अभिमानाची गोष्ट होती. तरुणपणी आरमोरीच्या टीमचे ते गोलकीपर. पायाला पॅड कुठले, मिलमधल्या पोत्यांत कोंडा भरून बांधायचे. आश्रमशाळेची टीम खेळायला आली, त्यातल्या एका काटकुळ्या पोरानं त्यांना गोलामागून गोल मारले, आणि प्रत्येक गोलाबरोबर पोत्यातला कोंडा उडत राहिला. लोक हसले. शालिकभाऊ मात्र सामना संपल्यावर त्या पोराला शोधत गेले आणि म्हणाले, तू लय मोठा होशीन. तेव्हापासून ते त्याचे भक्त. मडावी जिथं खेळला त्याची बातमी हा माणूस कापून ठेवायचा, आणि तो परदेशात खेळायला गेला की सामना संपेपर्यंत पोटात अन्न ठरायचं नाही.

अशा भक्तानं आता देवाचे दोष शोधायचे होते. दुपारी जेवण झालं की शालिकभाऊ मोबाइलवर जुन्या मॅची लावून बसायचे. मधेच "वा रे वा! पाह्य, कसा काढला!" अशी आरोळी यायची आणि मी समजायची, आजही काही सापडत नाही. मग भिंतीवर पडलेला चेहरा. "बाई, आज काईच नाई सापडलं. काय म्हणू?" मी म्हणायची, सांगा की पळायला हळू होते. "नाई जमत ना बाई. साफ खोटं बोललो तं तो हासते. साफ खरं बोललो तं त्याले लागते. मधातलं पाह्यजे." आणि हे मधातलं रोज ताजं लागायचं. कालचंच बोललं तर मडावीभाऊ नुसते हात झटकायचे, तोंडातून शब्द निघायचा नाही. संध्याकाळ जवळ आली की शालिकभाऊंचं पोट बिघडायचं. ओवा चावत चावत ते भांडायला जायचे.

टपरीवर नियम एकच होता. मडावीभाऊ शब्द शोधायला लागले की कोणी तो शब्द पुरवायचा नाही. थांबायचं. ते थांबणं मी पुष्कळदा पाहिलं आहे. समोर माणूस शब्दासाठी झटतो आहे, कपाळावर घाम आहे, तो शब्द तुमच्या जिभेवर तयार आहे आणि तुम्ही दात आवळून बसला आहात. चहा गार व्हायचा. गिऱ्हाईक तंबाखूचा खर्रा मागायला यायचं तर कवडू हातानंच थांब म्हणायचा. शालिकभाऊ चेहऱ्यावर तुच्छता आणून बसलेले, आणि बाकाखाली त्यांचा पाय सारखा हलत असायचा.

गावानं त्यांना काय कमी बोल लावले? खरं काय ते आम्हा चार-पाच जणांखेरीज कोणाला सांगायचं नव्हतं, कारण आरमोरीत एकाला सांगितलेली गोष्ट बाजारभर होते आणि मडावीभाऊंच्या कानावर गेली असती. आपला इलाज चाललाय हे कळल्यावर ते कशाला भांडतील? लोक शालिकभाऊंना जळका म्हणत. कोणी तोंडावर विचारी, "तुमी सोता कुठी खेळले जी इंडियाकडून?" ते ऐकून घ्यायचे आणि रात्रीचं जेवण टाकायचे.

एकदा तर कहर झाला. मडावीभाऊंच्या गावचे नातेवाईक आले होते, मोहफुलं आणि मध घेऊन. ते टपरीवर पोहोचले तेव्हा शालिकभाऊ ऐन रंगात. "ह्याले चेंडू अडवता येत होता का? सांगा ना! ड्रेसच घालून फिरत होता!" नातेवाइकांतला एक थोराड भाचा पुढे आला आणि त्यानं शालिकभाऊंची कॉलर धरून त्यांना बाकावरून उचललं. "कोणाले बोलून राह्यला बे? आमच्या माणसाले?"

शालिकभाऊंचा चेहरा पांढराफटक पडला. एक वाक्य बोलले असते तर सुटले असते. डॉक्टरांनी सांगितलं आहे, बस, एवढंच. पण मडावीभाऊ हाताच्या अंतरावर बसलेले. कवडूनं तोंड उघडलं, तर शालिकभाऊंनी डोळ्यांनी त्याला दटावलं. मी रस्त्याच्या कडेला उभी होते. आणि हा कुलूप दहादा ओढून पाहणारा माणूस, गळ्याशी मूठ आवळलेली असताना, घोगऱ्या आवाजात म्हणतो काय, "मारा. पण डाव्या बाजूनं... त्याले नव्हतंच येत."

खुर्चीची दांडी धाडकन वाजली. मडावीभाऊ अर्धे उठले होते. "सोड... त्याले! भांडण... माह्यं... हाय. मी... पाहून... घेतो."

भाच्यानं कॉलर सोडली. एवढं लांब मडावीभाऊ आजारपणानंतर कधी बोलले नव्हते. किराण्याच्या पायरीवर सुमनबाईंनी तोंडात पदर घातला होता. शालिकभाऊ टपरीमागं जाऊन मटकन खाली बसले. मी पाणी घेऊन गेले तर माझा हात धरून विचारतात, "बाई, आईकलं ना? किती सरळ बोलला! आईकलं ना तुमी?" छाती भात्यासारखी चाललेली, शर्टाचं बटण तुटलेलं, आणि माणूस आनंदानं रडत होता.

वर्षं गेली. मडावीभाऊ सावकाश पण चांगलं बोलायला लागले. सुमनबाईंशी, दुकानदाराशी, सगळ्यांशी. आता थांबवा म्हटलं तर शालिकभाऊ ऐकेनात. "थांबलो आणि जीभ पुन्हा बसली तं?"

मग एका हिवाळ्यात ती संध्याकाळ आली. दुसरं काही सापडलं नसावं, म्हणून शालिकभाऊंनी जुनी जखम काढली. एका मोठ्या स्पर्धेच्या आधी मडावीला संघातून वगळलं होतं. "बराबरच केलं," शालिकभाऊ म्हणाले. "मोठा खेळाडू असता तं काढला असता का?"

आम्ही सगळे वाट पाहू लागलो. मडावीभाऊ जमिनीकडे पाहत होते. मग म्हणाले, "खरं हाय. मी... मोठा खेळाडू नव्हतो."

शालिकभाऊंकडे मला पाहवेना.

"काऊन नव्हता?" ते एकदम ओरडले. "काऊन नव्हता बे, भैताडा? कोण म्हणते नव्हता?" आणि ते उठलेच. कवडूची छत्री उचलून तिची स्टिक केली आणि रस्त्यात उभे राहून दाखवायला लागले. हा पास, असा दिला होता. तिघं अंगावर आले होते, असा मधून निघाला होता. इतकी वर्षं दोष शोधताना जे जे पाहून वा म्हटलं होतं ते सगळं त्या माणसाच्या आत साचलेलं होतं. एक सायकलवाला थांबला, मग दुसरा. "ह्याच्यासारखा झाला नाई! होणार बी नाई!"

मडावीभाऊ बारीक डोळे करून ऐकत होते. शालिकभाऊ दमून थांबले तेव्हा ते फक्त एवढंच म्हणाले, "मंग?"

शालिकभाऊंच्या हातातली छत्री खाली आली. आपण काय करून बसलो ते त्यांच्या ध्यानात आलं.

त्या दिवसापासून भिंतीवरचा प्रश्न बदलला. "बाई, त्याले समजलं का हो? तो हासला का? का तोंडच तसं हाय त्याचं?" मला तरी काय सांगता येणार? ओढलेल्या तोंडावरचं हसू ओळखायचं कसं? दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मडावीभाऊ आले, शालिकभाऊंनी चाचरत काहीतरी खुसपट काढलं आणि मडावीभाऊ पूर्वीसारखेच तुटून पडले. पण तो राग खरा होता की आता उगाच शालिकभाऊंसाठी आणलेला, या काळजीनं त्यांना घेरलं ते कायमचं. दर चार दिवसांनी विचारायचे. मी सांगायची, नाही हो समजलं. त्यांना पटायचं नाही.

एका उन्हाळ्यात दुपारी जेवून बाजेवर आडवे झाले ते उठले नाहीत. साऱ्या गावाची काळजी करणाऱ्या या माणसानं आपल्या छातीत दुखतं हे मात्र कोणाला सांगितलं नव्हतं. मला इतका राग आला त्यांचा! अजूनही येतो.

मडावीभाऊ त्या दिवसापासून गप्प झाले. अंत्ययात्रेत नाही, घरी नाही, एक शब्द नाही. टपरीवर यायचे बंद झाले. सुमनबाई माझ्याकडे येऊन म्हणाली, "बाई, पुन्हा भिंतीकडं तोंड करून बसले. आता कोण बोलन त्यायले?" कवडू बिचारा त्यांच्या घरी जाऊन उभा राहिला, घसा साफ केला आणि म्हणाला, "तुमी... तुमी पळाले जरा हळूच होते जी." आणि स्वतःच हुंदके देत बाहेर आला. मडावीभाऊंनी मान वळवली नाही. भीती आता आम्हा सगळ्यांना लागली. शालिकभाऊंनी एवढ्या वर्षांत ओढून वर आणलेला माणूस त्यांच्या मागोमाग पुन्हा खाली चालला होता.

शालिकभाऊंचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम त्यांच्या घरासमोर मांडव घालून झाला. बुद्धवंदना झाली, मग लोक एकेक करून माइकवर बोलायला उठले. चांगले बाप होते, चांगले कामगार होते, जरा तोंडाळ होते पण मनानं साफ. सत्यफुलाबाई खाली मान घालून ऐकत होत्या. आणखी कोणाला बोलायचं आहे का, असं विचारलं तेव्हा मागून एक डावा हात वर झाला.

सुमनबाईनं त्यांना धरून पुढे आणलं. माइक त्यांच्या हातात दिला. मडावीभाऊंचे ओठ हलायला लागले, आवाज येईना. कपाळावर तोच घाम. ते काय बोलणार हे कोणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून शब्द कोणी पुरवूही शकत नव्हतं.

"शालिक..." ते म्हणाले. मग पुष्कळ वेळानं, "शालिक... गोलकीपर... बेकार होता."

मांडवात कुजबुज उठली. मयताच्या कार्यक्रमात हे काय? कोणी तरी म्हणालं, जाऊ द्या, आजारी माणूस आहे, माइक घ्या. पण मडावीभाऊ माइक देईनात. ते एकेका चेहऱ्याकडे पाहत होते. या रांगेतून त्या रांगेत. कोणी उलट बोलेल म्हणून वाट पाहत होते.

त्यांना समजलेलं होतं. कधीपासून, देव जाणे. मला रडू आवरेना, आणि मला उठून काही बोलता येईना, कारण गोलकीपर कशाला चांगला म्हणायचा आणि कशाला बेकार, ते मला ठाऊक नव्हतं. कवडू जमिनीकडे पाहत होता. मडावीभाऊंची नजर शेवटच्या रांगेपर्यंत जाऊन आली. माइक हळूहळू खाली यायला लागला.

"काऊन जी?"

सुमनबाई. त्यांचा दंड धरून उभी असलेली, हॉकीबद्दल जन्मात एक अक्षर न बोललेली सुमनबाई. तिचा आवाज सगळ्या मांडवाला ऐकू गेला. "काऊन बेकार? काई बी बोलून राह्यले! चांगले तं खेळत होते शालिकभाऊ!"

मडावीभाऊ तिच्याकडे वळले. चेहरा लाल झाला, डावा हात माइकवर आवळला.

"तुले... काय समजते?" ते म्हणाले. "बस तिथी. आईक... मी सांगतो."